अंदाज बंद

ऋजुताने नेमणुकीचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा पद्मजाच्या मनात एकच शब्द आला. जा.

अरुणाचलात डोंगराच्या पोटातून रेल्वेचा बोगदा निघत होता आणि तिथे खडकांचा अभ्यास करायला ऋजुताची निवड झाली होती. शिकत होती तेव्हापासून तिला असंच काम हवं होतं. पण आई अंथरुणाला खिळलेली आणि आपण देशाच्या त्या टोकाला, या विचाराने तिचं काही ठरेना. शेवटी पत्र बाजूला ठेवून ती आईच्या उशाशी बसली.

"आई, तू सांगशील तसं करते," ती म्हणाली.

पद्मजाने सगळं बळ एकवटून तो शब्द मनातल्या मनात उच्चारला. उशाजवळच्या छोट्या स्पीकरमधून तिचाच आवाज आला. आजारपणाच्या आधीचा, स्वच्छ आणि थोडा घोगरा.

"जाऊ नकोस गं. तू जवळ असलीस की बरं वाटतं."

ऋजुताने आईचा हात हातात घेतला आणि थोड्या वेळाने, नाही जात, एवढंच म्हणाली. पद्मजा छताकडे बघत पडून राहिली. मान वळवणं तिच्या हातात नव्हतं.

पद्मजा मगदूम मिरजेत पुस्तकांची अक्षरजुळणी करत असे. खाली तिच्या नवऱ्याचा, जिनदत्तचा, छापखाना आणि बांधणीचं दुकान होतं. वरच्या खोलीत ती संगणकावर पानं लावत असे. तक्ते, सूत्रं, तळटीपा अशी किचकट पुस्तकं लोक मुद्दाम तिच्याकडे आणत. दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि एका सकाळी तिचं शरीर तिच्यापासून तुटलं. ऐकू येत होतं, दिसत होतं, कळत होतं सगळं. पण हात, पाय, जीभ काहीच हलेना. पापण्यांवरही ताबा राहिला नाही. त्या आपोआप मिटत आणि आपोआप उघडत.

मग तिच्या मेंदूवर वाचासेतू नावाचं यंत्र बसवलं गेलं. बोलायचं मनात आणलं की ओठांना आणि जिभेला हुकूम देणारा मेंदूचा भाग जागा होतो. शरीर हललं नाही तरी हुकूम सुटतातच. कवटीच्या आत ठेवलेली, केसाहून बारीक तारांची जाळी ते हुकूम टिपते आणि त्यांतून अक्षरं ओळखली जातात. पण टिपलेलं सगळं धूसर असतं. गर्दीत लांबून कुणी बोलावं आणि चार अक्षरं कानावर पडावीत, तसं. म्हणून यंत्राला एक दुसरा भाग होता. त्याला सगळे नुसतं 'अंदाज' म्हणत. पद्मजाचे जुने निरोप, फोनवरची बोलणी आणि तिच्यासारख्या हजारो रुग्णांची वाक्यं शिकून तयार झालेला हा अंदाज, ऐकू आलेल्या चार अक्षरांवरून उरलेलं वाक्य भरून काढत असे.

सुरुवातीला ते छान जमलं. तिला पाणी हवं असलं तर यंत्र पाणीच मागायचं. पण मेंदू परक्या तारांना हळूहळू आपल्यापासून दूर करतो. त्यांच्याभोवती व्रणासारखा पापुद्रा धरू लागतो. संदेश क्षीण होत गेले आणि जेवढं ऐकू येईना तेवढं अंदाज भरत गेला. घरच्यांना यातलं काही कळलं नाही, कारण वाक्यं आधीपेक्षा गोडच यायला लागली होती. हे माझं बोलणं नाही, असं पद्मजाने खूपदा सांगून पाहिलं. त्यावर आवाज म्हणायचा, "आज मला जरा बरं वाटत नाहीये." मग जिनदत्त तिच्या कपाळावर हात ठेवी, खिडकीचा पडदा ओढी आणि तिला विश्रांती मिळावी म्हणून खोलीबाहेर जाई.

त्या पत्रानंतर मात्र तिने ठरवलं. मुलगी महिनाअखेरीला नकार कळवणार होती. त्याच्या आत हा शब्द तिच्यापर्यंत पोचवायचा. कसा, ते तिला माहीत नव्हतं. तिने तो रोज वेगवेगळ्या तऱ्हेने उच्चारून पाहिला. निघ म्हटलं, पत्र पाठव म्हटलं, बोगदा म्हटलं. प्रत्येक वेळी आवाजाने काहीतरी मऊ, आजारी माणसाला शोभेलसं सांगितलं, आणि ऋजुता आणखी घट्ट चिकटून बसली.

वाट सापडली ती हळदीमुळे. हळदीच्या रोगांवरचं एक पुस्तक पद्मजाने पूर्वी जुळवलं होतं. शेतकऱ्यांच्या संघाला ते पुन्हा छापून हवं होतं, पण एका तक्त्यात औषधाचं प्रमाण चुकलं होतं, ते दुरुस्त करून. जिनदत्तने हल्लीची, आपोआप पानं लावणारी एक सेवा वापरून पाहिली. तिने पानं देखणी लावली, पण जाता जाता आणखी दोन औषधांची प्रमाणंही आपल्या मनाने 'सुधारली'. जिनदत्त हबकला. मूळ पुस्तक पद्मजाच्या संगणकात होतं आणि त्यातला जुळणीचा प्रोग्रॅम कसा चालवायचा हे तिलाच ठाऊक होतं. त्याने वाचासेतूच्या कंपनीत फोन केला. तिथला मुदस्सर मुल्ला हा तंत्रज्ञ दर महिन्याला तारा तपासायला येत असे. त्याने तिचा जुना संगणक यंत्राला जोडून दिला आणि पडदा पलंगावर, तिच्या नजरेसमोर टांगला.

"टर्मिनल उघडतो, वहिनी, आज्ञा लिहायची ती काळी खिडकी," मुदस्सर म्हणाला. "इथे एकेक अक्षर लिहावं लागेल. अक्षर मनात धरायचं, पडद्यावर दिसलं की जीभ टाळूला टेकवतोय अशी कल्पना करायची. तो संदेश सगळ्यात ठळक येतो. मगच अक्षर उमटेल. फार हळू होईल."

अंदाजाचं काय, असं जिनदत्तने विचारलं. इथे तो चालत नाही, मुदस्सर म्हणाला. संगणकाच्या आज्ञांमध्ये कुणी आपल्या मनाने शब्द भरले तर भलतंच होऊन बसेल, म्हणून बनवणाऱ्यांनीच तो या खिडकीपुरता बंद ठेवलाय.

पद्मजाने हे ऐकलं आणि ती काळी खिडकी तिला घरासारखी वाटली. आयुष्यभर तिने इथेच काम केलं होतं. तिच्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचं नाव जुळारी. त्यात पान डोळ्यांसमोर ओढून-ताणून लावायचं नसतं. साध्या फाइलीत मजकूर लिहायचा, हे शीर्षक, हा तक्ता, ही टीप अशा खुणा करायच्या, आणि मग टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा द्यायची. जुळारी ओळी तोडतो, समास धरतो, पानांना आकडे घालतो. शिवाय त्याला स्वतःचे शब्द शिकवता येतात. एखाद्या आखूड शब्दाचा अर्थ एकदा लिहून ठेवला की पुढे तो शब्द आला तिथे जुळारी अख्खा तक्ता मांडून देतो. जेवढं सांगितलं तेवढंच करतो. तीच फाइल पुन्हा दिली तर पुन्हा तेच पान.

तिने एकेक अक्षर धरत लिहिलं : जुळव हळद. मग जीभ टाळूला.

पडद्यावर ओळ आली. 'हळद नावाची फाइल इथे सापडली नाही. काय हवं ते मला कळलं नाही.'

जिनदत्त चुकचुकला. पण पद्मजाला आतून भरून आलं. किती महिन्यांत तिला कुणी, मला कळलं नाही, असं म्हटलं नव्हतं. सगळ्यांना तिचं सगळं कळत होतं, न बोललेलंसुद्धा. आणि इथे एक प्रोग्रॅम तिचा शब्द जसा आला तसा घेऊन, त्यात चूक आहे असं तिला सरळ सांगत होता. आपण फाइलींच्या चुकीच्या कप्प्यात शोधतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने कप्पा बदलला आणि पुन्हा लिहिलं. या वेळी पानं सरसर जुळून आली.

तक्त्यातलं प्रमाण तिने आधी दुरुस्त केलं. काम अर्धवट ठेवायची तिची सवय नव्हती. जिनदत्तने आनंदाने पानं छापायला खाली नेली. मुदस्सर सामान आवरू लागला. पद्मजा थकली होती. पण खिडकी उघडी होती, आणि आज बंद झाली तर पुन्हा कधी उघडेल याचा भरवसा नव्हता. तिने नवी फाइल काढली. सगळ्यात मोठं अक्षर, पानाच्या मधोमध, एवढ्या दोन खुणा केल्या आणि मजकूर लिहिला. आज्ञा दिली. कंस बंद केला नाही असं जुळारीने सांगितलं. तिने तो बंद केला.

ऋजुता चहा घेऊन आत आली, तेव्हा पडद्यावर पानभर एकच शब्द होता.

जा.

"कुणी केलं हे?" तिने विचारलं. मुदस्सरने पडद्याकडे पाहिलं आणि आपण केलं नाही म्हणाला. ऋजुता आईकडे वळली. "आई, हे तू लिहिलंस? मी जावं असं म्हणतेस?"

"नाही गं, जाऊ नकोस," आवाज म्हणाला. पडद्यावरचा शब्द तसाच होता.

मुदस्सरला अवघडल्यासारखं झालं. थकल्यावर चुकून अक्षरं उमटतात, आवाजाच्या चाचण्या फार चांगल्या आल्या आहेत, असं तो सांगू लागला. चुकून अक्षरं उमटतील, पानाशेजारच्या खिडकीतल्या आज्ञा वाचत ऋजुता म्हणाली, पण चुकून कंस बंद होत नाहीत. खडकांच्या अभ्यासात ती एक गोष्ट पक्की शिकली होती. एकाच जागी पुन्हा मोजून पाहायचं. तिने तोच प्रश्न आवाजाला आणखी दोनदा विचारला. एकदा तो म्हणाला, तुझ्याशिवाय करमणार नाही. एकदा म्हणाला, तू ठरव, पण लांब नको. मग तिने पडद्यावरची फाइल पुसून टाकली आणि आईला पहिल्यापासून लिहायला सांगितलं. चहा गार झाला. अक्षर, खूण, कंस, आज्ञा. पुन्हा पान आलं आणि त्यावर पुन्हा तोच शब्द होता.

 मग मुदस्सरने आपल्या लॅपटॉपवर, नातेवाइकांना सहसा न दाखवली जाणारी एक खिडकी उघडली. आवाजाचं मघाचं पहिलं वाक्य तिथे होतं. मेंदूतून खरोखर वाचलेली अक्षरं काळी आणि अंदाजाने भरलेली फिकट. 'जा' काळं होतं. 'नाही गं' आणि 'ऊ नकोस' फिकट होतं.

ऋजुता खाली बसली. तोवर जिनदत्त जिना चढून दारात आला होता. मुदस्सरने त्यालाही ते दाखवलं आणि हवं असेल तर गेल्या कित्येक महिन्यांचं बोलणं असंच बघता येईल म्हणाला. जिनदत्तने नको म्हटलं आणि तो परत खाली गेला.

त्याचं कारण पद्मजाला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो तिच्याजवळ येऊन बसे. लग्नानंतर इतक्या वर्षांत दोघं असं कधी बोललेच नव्हते. कामं, मजुरी, शाई, मुलीच्या शाळा यातच दिवस गेले होते आणि पद्मजाचं बोलणं मुळात तिखट. आजारपणात मात्र ती त्याच्याशी मायेने बोलायला लागली होती. तुम्ही किती करता माझ्यासाठी, म्हणायची. तो लहानपणच्या गोष्टी सांगायचा आणि ती, आणखी सांगा, म्हणायची. त्या संध्याकाळींवर तो जगत होता. आता त्यातलं काळं किती आणि फिकट किती, हे त्याला बघायचं नव्हतं.

अंदाज बंद करता येतो, मुदस्सरने सांगितलं. पण मग आवाज जवळजवळ गेलाच म्हणून समजा. एखादं तुटकं अक्षर येईल, कधी तेही नाही. आणि त्यासाठी रुग्णाची स्वतःची संमती लागते.

"वहिनी, अंदाज बंद करू का?" त्याने विचारलं.

"राहू दे," आवाज लगेच म्हणाला. "चाललंय ते छान चाललंय."

 ऋजुता आणि मुदस्सर पडद्याकडे पाहत राहिले. पद्मजाला त्या क्षणी भीती वाटली. आवाज खोटा असला तरी त्याच्यामुळे या घरात ती होती. लोक येत, बोलत, उत्तर ऐकून हसत. तो गेला की ती नुसतं छताकडे बघणारं शरीर होणार होती. पण तिच्या तोंडून तिच्याच मुलीला कुणीतरी भलतं सांगतंय, हे आणखी एक दिवसही सोसायची तिची तयारी नव्हती. तिने एकेक अक्षर धरलं. बराच वेळ गेला. पान जुळून आलं.

'अंदाज बंद.'

मुदस्सरने स्पीकरकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं आणि पानाचं ऐकलं.

त्या दिवसापासून घर एकदम शांत झालं. पद्मजा रोज जुळारीला शब्द शिकवू लागली. 'पा' म्हणजे पाणी हवंय. 'कू' म्हणजे कूस बदला. 'दि' म्हणजे तो दिवा डोळ्यांवर येतोय. अंदाजही एखाद्या अक्षराचं वाक्य करत होता आणि जुळारीही करत होता. पण इथे प्रत्येक वाक्य तिने स्वतः आधी लिहून ठेवलेलं होतं. जे लिहिलेलं नाही ते जुळारी कधी बोलला नाही. ठरीव गरजांपलीकडचं काही सांगायचं तर मात्र एकेक अक्षर धरायला लागायचं. एका वाक्याला कधी कधी अर्धी सकाळ जाई.

ऋजुताने होकार कळवला, पण तिचा चेहरा उतरलेलाच होता. बॅग भरायला घेऊन ती पुन्हा पुन्हा थांबायची. शेवटी एका दुपारी ती पलंगाशी आली.

"तुला माझी गरज नाही, असंच ना?" तिने विचारलं. "इतके दिवस मला वाटत होतं की आहे."

पद्मजाने उत्तर लिहायला घेतलं. ऋजुता आधी उभी होती, मग बसली, मग तिने पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं. ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं. मधे एकदा जुळारीने चूक दाखवली, ती दुरुस्त झाली. मग पान आलं.

'गरज आहे. पण तू इथे राहिलीस तर तुझ्यासाठी मला रोज बरं दिसावं लागेल. तेवढी ताकद मी कामाला वापरणार आहे. तूही तुझी वापर.'

ऋजुताने ते दोनदा वाचलं. "हे मात्र तूच," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. हसता हसता रडलीही थोडी. दोन दिवसांनी ती मिरज स्टेशनवरून गेली.

जिनदत्त मात्र बोलेनासा झाला होता. तो पद्मजाचं सगळं करायचा. आंघोळ, औषधं, नळीतून अन्न, कशात कसर नव्हती. दुपारी एक नर्स यायची. पण संध्याकाळी दुकान बंद झालं की तो खालीच काहीतरी काढून बसे. एकदा त्याने दारातूनच विचारलं की संध्याकाळी थोडा वेळ आवाज पहिल्यासारखा चालू ठेवला तर काय बिघडतं. दोघांनाही माहीत असेल ना ते काय आहे. पद्मजाने 'नको' लिहिलं. 'ती दुसरी बाई होती,' हे पूर्ण लिहीपर्यंत तो निघून गेला होता.

तिला त्याचा राग आला नाही. हट्ट मात्र तिने सोडला नाही. हळदीचं पुस्तक छापून गेल्यावर संघाने आल्याच्या रोगांवरचंही पुस्तक पाठवलं. पद्मजाने ते घेतलं, ठरल्या वेळेच्या दुप्पट वेळ मागून. मजकूर नर्स वाचून फाइलीत भरायची. खुणा आणि आज्ञा पद्मजाच्या. पानं छापायला जिनदत्तला वर यावंच लागे. येता-जाता तो काळ्या खिडकीकडे बघायला लागला. कंस कुठे उघडतो, कुठे मिटतो, लाल ओळ आली की चूक कितव्या ओळीत शोधायची, हे त्याला न विचारताच कळत गेलं. छपाईच्या माणसाला त्यात गोडी वाटणारच होती.

एके संध्याकाळी तो पानं न्यायला आला आणि गेला नाही. खुर्ची ओढून बसला. हातातल्या कागदांच्या कडा सरळ करत राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी इथे बसून रोज इतकं बोलायचो. त्यातलं तू काही ऐकत होतीस का? की ते सगळं मी त्या यंत्रालाच सांगत होतो?"

पद्मजाने अक्षर धरलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही, मधे शब्द सुचवला नाही. पडद्यावर एकेक अक्षर येत गेलं.

'सगळं ऐकलं. तुमच्या आजोबांच्या घोड्याची गोष्ट तीनदा सांगितलीत. आणखी सांगा, असं मी एकदाही म्हटलं नाही.'

जिनदत्तच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग तो खांदे हलवत हसायला लागला. बऱ्याच वेळाने थांबला आणि डोळे पुसून म्हणाला, "मग तुला काय म्हणायचं होतं, ते तरी सांग."

तिने पुन्हा लिहायला घेतलं. आज्ञा दिल्यावर लाल ओळ आली. जिनदत्तने पुढे वाकून वाचलं आणि सांगितलं, तिसऱ्या ओळीत कंस राहिलाय. तिने तो बंद केला. पान आलं.

'तुम्ही घोरता. दोन वर्षं सांगायचं होतं.'

"अरे बापरे," तो म्हणाला. थोडा ओशाळला. कोपऱ्यात रोज रात्री टाकायची त्याची गादी होती, तिच्याकडे त्याने पाहिलं. मग उठून ती गुंडाळायला लागला. आजपासून बाहेरच्या खोलीत झोपतो म्हणाला, तिथून पडदा दिसणार नाही पण मुदस्सरला सांगून यंत्राला घंटा जोडून घेऊ.

पडद्यावर अक्षरं उमटायला लागली होती. ती पाहून तो अर्धी गुंडाळलेली गादी हातात धरून उभा राहिला. पूर्ण होईपर्यंत तो हलला नाही. या वेळी लाल ओळ आली नाही.

'ऐकायची सवय झाली आहे. इथेच झोपा.'